बा चिलेक्वा आणि रेडिओलॉजीचा ग्रुप

मंगळवार, १ ऑक्टोबर

इनोंगे म्हणते, मी झोपेत पुटपुटते. म्हणून तिनंच ही डायरी आणून दिली. "दिवसा काय ते लिहून टाक, ताई, आणि रात्री मला झोपू दे." धाकटी बहीण असून आईसारखी बोलते.

आज हॉस्पिटलात आमच्या विभागप्रमुख हामूंगाबाईंनी बोलावलं होतं. नवं स्टोरेज आलंय, त्याच्यावर सगळं हलवायचं, आणि महिनाअखेरीला जोहान्सबर्गची माणसं जुनं यंत्र उचलून नेणार. "तू आणि बा चिलेक्वा मिळून करा," म्हणाल्या. मी निघाले तशी मागून हाक मारली. "नामुकोलो, तू त्यांच्या शेजारीच बसत जा. एकट्यानं काही करायला लावू नकोस. वय झालंय त्यांचं."

म्हणजे दोघांचं काम मी करायचं. हो म्हणाले. नाही म्हणायला जो जीव लागतो तो सकाळी मिनीबसमध्येच संपलेला असतो.

घरी वीज नव्हती. शेगडीवर मक्याच्या पिठाचा न्शिमा रटरटत होता आणि आम्ही दोघी अंगणात बसलो होतो. इनोंगेनं विचारलं, "तू नेमकं करतेस तरी काय तिथं?"

सांगितलं. पेशंटांचे एक्स-रे, स्कॅन, सगळं एका कपाटाएवढ्या यंत्रात साठतं. आतल्या जागेचे तुकडे पाडलेले असतात, ते व्हॉल्यूम. तुकड्यांची मोट बांधली की झाला स्टोरेज ग्रुप. कुठल्या विभागाच्या सर्व्हरला कुठला ग्रुप दिसायचा ते आम्ही ठरवतो. जागा कमी पडली तर ग्रुपमध्ये तुकडा घालायचा, नको असेल तर काढायचा. काढला की त्या विभागाला तो दिसेनासा होतो.

"म्हणजे कपाटं आवरतेस."

"हो."

"आणि ह्याचा पगार देतात?"

कुंपणापलीकडच्या शेजारणीसुद्धा हसल्या.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

उकाडा. करिबा धरणाचं पाणी आटल्यापासून वीज दिवसातून चार तास येते, तीही कधी ते कुणाला ठाऊक नसतं. हॉस्पिटलला जनरेटर आहे. इनोंगेच्या थंड पेयांच्या टपरीला नाही. "तुझ्या डब्यांना गार वारा, आणि माझ्या बाटल्यांना ऊन," असं रोज ऐकवते.

बा चिलेक्वा दिवसभर माझ्या खुर्चीमागे उभे होते. की-बोर्डला हात लावत नाहीत. "तू टाइप कर, पोरी, मी बघतो." बारा वर्षांपूर्वी मी मोंगूहून आले तेव्हा ह्याच माणसानं मला सगळं शिकवलं. तेव्हा त्यांची बोटं अशी चालायची की मला कमांड वाचायलाच मिळायची नाही. आता नुसते मागे उभे. मोठे साहेब झालेत.

एकच गोष्ट तीनदा सांगितली. जुनं यंत्र आलं तेव्हा दार अरुंद म्हणून भिंत फोडावी लागली होती, ती. पहिल्यांदा हसले. तिसऱ्यांदा तोंड स्क्रीनकडेच ठेवलं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

नव्या यंत्रावर ग्रुप बांधायला घेतलेत. रेडिओलॉजीचा सर्वांत मोठा. आधी रंगीत तालीम हवी म्हणून तसाच एक खोटा ग्रुप बांधला, खोटी चित्रं भरून. नावात फक्त शेवटचं अक्षर वेगळं. हे नाव बा चिलेक्वांनीच सुचवलं. मला पटलं नव्हतं. वाद घालायचा कंटाळा आला.

दुपारी त्यांनी मला 'मुटाले' म्हणून हाक मारली. मुटाले त्यांची मुलगी, लग्न होऊन न्डोलाला असते. मी ओ दिली नाही. मग चिडले, "कानात काय बोळे घातलेस?" आपलं नावही धड लक्षात ठेवायचं नाही आणि वर ओरडायचं.

संध्याकाळी गेटपाशी त्यांची बायको उभी होती. बाना मुटाले, म्हणजे मुटालेची आई. हल्ली रोज येतात त्यांना न्यायला. दोघं मिनीबसनं जातात. म्हणे गाडी विकली. मला बघून म्हणाल्या, "आज कसे होते?"

"कसे म्हणजे?"

"काही नाही. दमले होते का?"

मी म्हटलं, दमले असतील, दिवसभर नुसते उभे होते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला काय म्हणायचं होतं ते कळलं असावं. बरं झालं.

रविवार, १३ ऑक्टोबर

झालं. रेडिओलॉजीचा सर्व्हर नव्या ग्रुपकडे वळवला. सगळे चर्चला गेलेले असताना, भर दुपारी. डॉ. सिमुकोंडांनी त्यांच्या खोलीतून फोन केला, "जुने स्कॅन उघडतायत. नवाही एक उतरला. शाब्बास." रेडिओलॉजीत डॉक्टरीणबाईंचं शाब्बास म्हणजे मोठीच गोष्ट.

बा चिलेक्वा आलेच नव्हते. विसरले म्हणाले. रविवारचं काम, विसरायला सोपं!

एकटीनं केलं म्हणून बरं वाटतंय, आणि एकटीनं केलं म्हणून रागही येतोय. दोन्ही एकदम. आता झोपते.

सोमवार, १४ ऑक्टोबर

बा चिलेक्वांचा पासवर्ड लॉक झाला. पुन्हा. नवा द्यायचा तर हामूंगाबाईंची सही लागते, आणि त्या लिविंगस्टोनला मीटिंगला. "तुझ्यानंच बघतो की," म्हणाले. दिला. नियमात बसत नाही, पण त्यांच्यापुढे नियम काढायचे? नियम त्यांनीच लिहिलेत.

नव्या यंत्राचा बॅकअप अजून लावायचा राहिलाय. टेप पुढच्या आठवड्यात येतील म्हणतात. हॉस्पिटलात सगळंच पुढच्या आठवड्यात येतं.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

प्रार्थनेचा राष्ट्रीय दिवस. सुट्टी. इनोंगेनं चर्चला ओढून नेलं. पाद्री पावसासाठी प्रार्थना करत होता, मी बाकावर बसल्या बसल्या झोपले. इनोंगे म्हणते, घोरत होते. आमेनच्या वेळी कोपर मारलं तिनं.

रविवार, २० ऑक्टोबर

जसं झालं तसंच लिहिते.

आज फक्त आवराआवर करायची होती. तालमीचा खोटा ग्रुप मोडायचा, त्याचे व्हॉल्यूम मोकळे करायचे, आणि ती जागा प्रयोगशाळेच्या ग्रुपला जोडायची. बा चिलेक्वा आज आले. चर्चचा कोट, टाय, हातात बायबल. बाना मुटाले दारापर्यंत सोडायला आल्या होत्या.

मी लॉगिन केलं आणि यादी उघडली. तेवढ्यात वीज गेली, आणि जनरेटर चालू होऊन पुन्हा खोकायला लागला. यंत्रं बॅटरीवर. पहारेकऱ्याचा फोन आला की डिझेलचा ट्रक गेटवर उभा आहे, सहीशिवाय टाकी भरणार नाही म्हणतो. मी म्हटलं, "बा, मी आले. तोवर काही करू नका." त्यांनी मान डोलावली.

गेटवर ड्रायव्हर अडून बसला होता. "मॅडम, मला शिक्का पाहिजे." रविवारी शिक्का कुठून आणू? त्याच्याशी हुज्जत घातली, सही केली, टाकी भरताना उन्हात उभी राहिले. परत आले तेव्हा बा चिलेक्वा माझ्या खुर्चीत बसले होते. चेहऱ्यावर ते जुनं हसू.

"झालं, पोरी. तू दमली आहेस. मी उरकून टाकलं."

खरं सांगू? मला रडू येईल असं वाटलं, इतकं बरं वाटलं. किती दिवसांनी त्यांनी हात लावला होता! मी म्हटलं, "थँक्यू, बा." आणि दुसऱ्या खुर्चीवर बसून पाय लांब केले. त्यांनी पिशवीतून उकडलेले शेंगदाणे काढले. आम्ही दोघं खात बसलो. त्यांनी भिंत फोडल्याची गोष्ट सांगितली, आणि मी हसले.

मग डॉ. सिमुकोंडांचा फोन आला. "नामुकोलो, माझ्याकडे एकही चित्र दिसत नाही. एकही नाही. अपघाताचा पेशंट टेबलावर आहे."

यादी बघितली. खोटा ग्रुप जागच्या जागी होता. खरा नव्हता. बा चिलेक्वा नुसते व्हॉल्यूम ग्रुपमधून काढून थांबले असते तर दोन मिनिटांत परत जोडले असते. पण त्यांनी ते मोकळेही करून टाकले होते, म्हणजे आतलं सगळं पुसलेलं. यंत्रानं विचारलं असणार, नक्की का, आणि त्यांनी नक्की म्हटलं असणार. ती जागा प्रयोगशाळेला जोडूनही झाली होती, आणि प्रयोगशाळेनं त्यावर लिहायला सुरुवातही केली होती.

मी ओरडले. काय बोलले आठवत नाही. बा चिलेक्वा शेंगदाण्याची पुडी हातात धरून उभे राहिले. म्हणाले, "कोणी केलं हे?"

त्या पेशंटचा स्कॅन मशिनीवरच बघून डॉक्टरीणबाईंनी काम भागवलं. तो जगला. बाकीचं उद्या.

सोमवार, २१ ऑक्टोबर

हामूंगाबाईंच्या खोलीत सकाळी मीटिंग झाली. त्या, डॉ. सिमुकोंडा, बा चिलेक्वा आणि मी. यंत्राच्या नोंदीत माझं नाव. साहजिकच, लॉगिन माझं होतं.

मी म्हटलं, "मी डिझेलपाशी होते. खुर्चीत बा चिलेक्वा होते."

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. ते शांत. जराही गडबडले नाहीत.

"काल? काल रविवार होता. मी चर्चमध्ये होतो."

"बा, तुम्ही इथं होता. आपण शेंगदाणे खाल्ले."

"पोरी," ते हळू म्हणाले, जसं लहान मुलाला म्हणतात तसं, "माणसाकडून चूक होते. पण दुसऱ्याचं नाव घेऊ नये."

बारा वर्षं! इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात ऐकलं नाही. पापणीसुद्धा लवली नाही त्यांची. डॉ. सिमुकोंडा नजर टाळून फाइल चाळत होत्या. हामूंगाबाईंनी बा चिलेक्वांकडे बघितलं, मग खिडकीबाहेर, आणि म्हणाल्या, "आधी काय वाचवता येतं ते बघा. शुक्रवारपर्यंत मला लेखी खुलासा हवा. नामुकोलो, तुझा."

माझा.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

जुनं यंत्र अजून इथंच आहे हेच नशीब. तेरा तारखेपर्यंतचं सगळं त्याच्यावर आहे. नवा ग्रुप बांधला, व्हॉल्यूम घातले, कॉपी लावली. शेवटच्या चार दिवसांचे स्कॅन, ते काढणाऱ्या मशिनीच्या स्वतःच्या पोटात सापडले. मधल्या दिवसांचे गेले ते गेले. चाळीसएक माणसं. त्यांना परत बोलवावं लागेल. कोणी चोंग्वेहून आलेलं, कोणी मुम्ब्वाहून.

बा चिलेक्वा आज आलेच नाहीत. तोंड दाखवायची लाज वाटली असेल. वाटायलाच हवी.

इनोंगे रागानं लाल. "तू जाऊन त्या म्हाताऱ्याच्या दारात उभी राहा. शेजारपाजार गोळा कर. मी येते."

"तू येऊन काय करशील?"

"मला मोठ्यानं बोलता येतं."

ते मात्र खरं.

बुधवार, २३ ऑक्टोबर

बाना मुटाले घरी आल्या होत्या. संध्याकाळी, चिटेंगेच्या कापडात आंबे बांधून. इनोंगे दारात हात पसरून उभी राहिली. "तुमच्या मिस्टरांनी माझ्या बहिणीच्या पोटावर पाय दिलाय, आणि तुम्ही आंबे आणता?"

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "म्हणूनच आलेय. बसू का?"

इनोंगे बाजूला झाली. पाहुण्याला बसू नको कसं म्हणणार.

त्या शेगडीपाशी बसल्या. मग म्हणाल्या, "रविवारी घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, मी कोट का घातलाय. मी म्हटलं, चर्चचा आहे. ते म्हणाले, हो, चर्चला गेलो होतो. मी म्हटलं, हो. मी रोजच हो म्हणते. तेवढ्यानं ते शांत झोपतात."

मला काही कळेना. मी म्हटलं, "पण ते हॉस्पिटलात होते, माझ्याबरोबर."

"तुमच्याकडे होते, बाई. मीच नाही का सोडलं? पण ते त्यांच्या डोक्यात राहिलं नाही. गेल्या वर्षीपासून असंच चाललंय. आधी किल्ल्या, मग रस्ते. गाडी मीच विकायला लावली. एकदा घरी यायचं सोडून काफ्वेच्या पुलावर सापडले. तिथं का आलो, सांगता येईना."

इनोंगे खाली बसली.

"तुम्ही सांगा ऑफिसात सगळं," बाना मुटाले म्हणाल्या. "मी अडवायला आले नाही. आम्ही कसंही निभावू. फक्त ते खोटं बोलत नाहीत एवढं तुम्हाला कळावं, म्हणून आले. तुमच्याबद्दल फार बोलतात घरी. नाव चुकतं, पण तुमच्याबद्दलच बोलतात."

त्या गेल्या. मिनीबसपर्यंत इनोंगेच सोडायला गेली. परत आली. आंबे धुतले, चिरले, आणि एक फोड माझ्या हातात दिली.

मी मागची पानं वाचत बसलेय. मुटाले म्हणून मारलेली हाक. विसरलेला रविवार. 'तू टाइप कर.' मी सगळं लिहून ठेवलं होतं आणि काहीच बघितलं नव्हतं. ते मागे उभे राहायचे ते साहेब होते म्हणून नाही. बोटांना आठवत नव्हतं म्हणून.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

स्वातंत्र्यदिन. रस्त्यावर झेंडे, ढोल. मी टेबलाशी.

खुलासा चारदा लिहिला. पहिल्यात सगळं खरं, त्यांच्या आजारासकट. ते वाचलं आणि वाटलं, हा कागद दहा टेबलांवरून फिरेल. कँटीनमध्ये वाचला जाईल. दुसऱ्यात सगळं अंगावर घेतलं, मीच केलं म्हणून. पण ते खोटं, आणि खोट्यानं कोणाचंच भलं नाही. ते परत खुर्चीत बसले तर? पुढच्या वेळी जुनं यंत्र नसेल. तिसरा इनोंगेनं सांगितला तसा लिहिला. तो पाठवण्यासारखा नाही.

चौथा तीन ओळींचा. पासवर्ड माझा होता आणि मी तो दुसऱ्याला दिला. काम चालू असताना मी खोली सोडली. दोन ग्रुपांची नावं एवढी सारखी ठेवायला मी विरोध केला नाही.

सगळं खरं आहे. हाच देते.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

हामूंगाबाईंनी खुलासा दोनदा वाचला.

"खुर्चीत कोण होतं, ते ह्यात नाही."

"नाही."

"विचारलं तर सांगशील?"

"विचारलं तर सांगेन."

त्यांनी कागद फाइलमध्ये घातला. "मी विचारत नाही."

मी म्हटलं, कागदावर नको, पण बा चिलेक्वांची तब्येत बरी नाही, त्यांना इथल्याच चांगल्या डॉक्टरला दाखवा, आणि तोवर त्यांचा पासवर्ड पुन्हा चालू करू नका. त्या म्हणाल्या, "तो मी सप्टेंबरातच बंद करायला सांगितला होता." मग एकदम थांबल्या आणि चहा मागवला. चहात साखर घालायला विसरल्या, आणि पिऊन टाकला.

त्यांना काही कळलं नसावं. बरंच झालं. आजाराची गोष्ट जितक्या कमी लोकांना कळेल तितकं चांगलं.

मला काढणार की ठेवणार, ते वरची कमिटी ठरवेल म्हणाल्या.

सोमवार, २८ ऑक्टोबर

आजपासून पेशंटांना फोन. हे काम रेडिओलॉजीच्या क्लार्कचं, पण मी मागून घेतलं. यादी समोर, आणि दर वेळी तेच वाक्य: हॉस्पिटलमधून बोलतेय, तुमचा स्कॅन आमच्या चुकीनं गेला, परत यावं लागेल, पैसे लागणार नाहीत.

चोंग्वेची एक बाई म्हणाली, "गेला म्हणजे? कुठं गेला?"

काय सांगणार? म्हटलं, "पुसला गेला."

"मी तर अजून इथंच आहे," ती म्हणाली आणि हसायला लागली. "येईन. पण येण्याजाण्यात आख्खा दिवस जातो, मॅडम, शेळ्या कोण बघणार?"

मुम्ब्वाच्या एकाचा फोन त्याच्या भावानं उचलला. "तो शनिवारी गेला." मग तोच म्हणाला, "तुमच्या चित्रानं काही फरक पडला नसता. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण तुम्ही फोन केलात, बरं केलंत." मी फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावायला जमेना. बाहेर जाऊन जकरांडाखाली उभी राहिले. फुलं संपत आलीत. पायाखाली नुसता जांभळा चिखल.

परत आले. पुढचा नंबर लावला.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

फोन. फोन. फोन. घसा बसलाय.

रात्री इनोंगेनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या.

बुधवार, ३० ऑक्टोबर

हामूंगाबाईंनी सांगितलं, नोकरी राहिली. लेखी ताकीद आणि वर्षभर बढती नाही. मी आभार मानले. त्या म्हणाल्या, "माझे नको. बा चिलेक्वांचे मान. काल ते कमिटीपुढे आले होते. बायकोला बाहेर बसवून एकटे आत गेले. अर्धा तास तुझ्यासाठी भांडले."

"काय म्हणाले?"

"तेच सांगतील. उद्या येणार आहेत, शेवटचे. निवृत्तीपर्यंतची सगळी रजा त्यांना एकदम दिली आहे."

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

सकाळी जोहान्सबर्गची माणसं आली आणि जुनं यंत्र घेऊन गेली. त्याआधी मी आणि डॉ. सिमुकोंडांनी मिळून नवा ग्रुप तुकडा-तुकडा तपासला. बॅकअपही लागला. आता एकट्यानं कोणी काही मोकळं करायचं नाही, असा नियम झालाय. दोन माणसं पाहिजेत, आणि दोघांनी मोठ्यानं नाव वाचायचं. डॉक्टरीणबाई शाळेतल्यासारखं वाचत होत्या.

बा चिलेक्वा दुपारी आले. टेबल आवरायचं होतं, पण आवरण्यासारखं फारसं नव्हतं. एक मग, एक कंगवा, मुटालेचा लग्नातला फोटो. केक कापला. हामूंगाबाई बोलल्या, थोडंच. बोलता बोलता त्यांनी केकचं ताट उगाच दुसऱ्या टेबलावर नेलं.

मग बा चिलेक्वांनी मला व्हरांड्यात बोलावलं. बाना मुटाले बाकावर बसल्या होत्या. त्या उठून लांब गेल्या.

"पोरी," ते म्हणाले. नाव घेतलं नाही. "झालं ते झालं. मी तुला माफ केलंय."

आतून काहीतरी उसळून आलं, राग की हसू की रडू, ते मला कळलं नाही. आणि मग तेही बसलं. कोणावर रागवू? आणि कुठल्या ताकदीनं?

"मी त्यांना सांगितलं," ते पुढं म्हणाले, "ही माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी आहे. ही चुकली ती निष्काळजीपणानं नाही. दमली होती. मी बघत होतो ना मागे उभा राहून. दिवसेंदिवस दमत चालली होती, आणि मी काही बोललो नाही. म्हणून त्यातला थोडा दोष माझ्याकडे घ्या म्हटलं."

"बा..."

"ऐक. दमलेल्या माणसाला दोन नावं सारखीच दिसतात. तेव्हा यंत्राला हात लावायचा नाही. उठायचं. सांगायचं, आज माझ्याच्यानं होत नाही. त्यात कमीपणा नाही. मला कोणी हे सांगितलं नव्हतं."

त्यांनी माझा हात हातात घेतला. हात कोरडा, हलका. मी म्हटलं, "हो, बा. लक्षात ठेवीन."

"लिहून ठेव," ते म्हणाले.

गेटपाशी मिनीबस आली. बाना मुटालेंनी आधी त्यांना चढवलं, पाठोपाठ कंगवा आणि मगाची पिशवी. खिडकीतून त्यांनी मला हात केला. मग शेजारच्या पहारेकऱ्यालाही केला, आणि झाडालाही केला असावा.

मी वर गेले. फोनच्या यादीत अजून सहा नावं शिल्लक होती. खुर्ची ओढली, रिसीव्हर उचलला, आणि पहिल्या नंबरचे आकडे माझ्या डोळ्यांपुढे एकमेकांत शिरायला लागले. रिसीव्हर खाली ठेवला. हामूंगाबाईंच्या दाराशी गेले.

"बाई, आज आणखी होत नाही माझ्याच्यानं. उद्याही येणार नाही. दमलेय."

बारा वर्षांत असं पहिल्यांदाच म्हटलं. मला वाटलं, त्या कारण विचारतील, अर्ज मागतील.

त्यांनी चष्मा काढला. "यादी ठेव इथं," म्हणाल्या. "मी लावते फोन."

मी यादी त्यांच्या टेबलावर ठेवली. जिना उतरताना वरून त्यांचा आवाज ऐकू आला, जरा घाईघाईचा, सवय नसलेला: "हॅलो, हॉस्पिटलमधून बोलतेय. आमच्याकडून एक चूक झाली आहे."